काहीच घडलं नाही, त्या दिवसांचा हिशेब

आमच्या बुलढाणा जिल्ह्यात नवा माणूस भेटला की गाव नंतर विचारतात. आधी विचारतात, घाटावरचे की घाटाखालचे? बुलढाणा, चिखली, मेहकर, लोणार, सिंदखेडराजा घाटावर. मलकापूर, नांदुरा, शेगाव, खामगाव, जळगाव जामोद घाटाखाली. मधे अजिंठ्याच्या डोंगरांची कड. मे महिन्यात बुलढाण्याहून मलकापूरच्या एसटीत बसलात, तर राजूर घाट उतरताना खिडकीतला वारा बदललेला कळतो. वर तो नुसता गरम असतो. खाली आल्यावर चटके देतो.

हे सांगण्याचं कारण असं, की मी ज्या चुकीबद्दल लिहिणार आहे तिच्यात या उष्णतेचा थोडा हात आहे. थोडाच. बाकीचा माझा.

शेगावला इंजिनिअरिंग करून मी २०१९ साली बाहेर पडलो. पुण्याचं काही जमलं नाही, म्हणून पहिली तीन वर्षं जिल्ह्यातच एका छोट्या फर्ममध्ये काढली. पतसंस्थांना आणि व्यापाऱ्यांना सॉफ्टवेअर द्यायचं आणि त्यासोबत सर्वरही सांभाळायचा, असं काम. पद सॉफ्टवेअर इंजिनिअरचं होतं. प्रत्यक्षात प्रिंटरमध्ये अडकलेला कागद काढण्यापासून डेटाबेस दुरुस्त करण्यापर्यंत सगळं माझ्याकडे होतं.

यातली एक पतसंस्था घाटाखालच्या एका तालुक्याच्या गावी होती. तिची सर्वर रूम म्हणजे जिन्याखालची खोली. एका बाजूला रॅक, दुसऱ्या बाजूला जुन्या खतावण्यांचे गठ्ठे, कोपऱ्यात केरसुणी आणि गणपतीच्या आरासीचं सामान. एसी एकच. संध्याकाळी साडेसहाला शिपाई दिव्यांबरोबर एसीही बंद करायचा, बिल वाचावं म्हणून. सर्वर मात्र रात्रभर चालू. रविवारी तर दिवसरात्र तसाच.

यूपीएस आणि बॅटऱ्यांची देखभाल बसस्टँडसमोरच्या एका दुकानदाराकडे होती. पन्नाशीचे काका, दहावीपर्यंत शिकलेले. दुकानात इन्व्हर्टर, कुलरचे पंप, मिक्सर, सगळंच. दर तीन महिन्यांनी ते रविवारी यायचे. सर्वर बंद करून आम्ही तो उघडायचो. ते ब्लोअरनं धूळ काढायचे, बॅटऱ्यांच्या टर्मिनलवर जमलेला पांढरा थर घासायचे आणि प्रत्येक बॅटरीचं व्होल्टेज मोजून एका शंभर पानी वहीत लिहायचे. ब्लोअर मारताना पंख्याच्या पात्यात पेन्सिल अडकवून ठेवायचे. का, म्हणून विचारलं तर म्हणाले, ‘‘हवेनं पातं गरगर फिरलं का बेअरिंग जाते, साहेब. धूळ मारायची हाये, पंखा नाई मारायचा.’’

हे मला चार वर्षांच्या इंजिनिअरिंगमध्ये कुणी शिकवलं नव्हतं.

सर्वरमधल्या पंख्यांबद्दल थोडं सांगतो. आपल्या घरातला छताचा पंखा मिनिटाला तीनशे-चारशे फेरे घेतो. सर्वरच्या चपट्या डब्यातला चार सेंटिमीटरचा पंखा दहा हजारांहून जास्त घेतो. असे सहा-आठ पंखे ओळीनं असतात आणि गरजेपेक्षा एखादा जास्त ठेवलेला असतो. एक बंद पडला की बाकीचे वेग वाढवतात. आतलं तापमान फारसं बदलत नाही. काम थांबत नाही. बाहेरच्या माणसाला काही कळत नाही. फक्त उरलेले पंखे लवकर झिजतात.

एकदा काका दारातूनच म्हणाले, ‘‘एक पंखा मेला वाटते.’’ मी म्हटलं, सगळं व्यवस्थित चालू आहे. त्यांनी ऐकलं नाही. लॉग उघडला, तर सहा दिवसांपूर्वीची नोंद होती. मी ती पाहिली नव्हती. त्यांनी आवाज ऐकला होता.

लिहिलं, असं म्हणणं

आता बॅटरीकडे येतो. यूपीएसची नव्हे, त्याहून छोट्या एका बॅटरीकडे. मोबाइलच्या बॅटरीएवढी ही वस्तू सर्वरच्या आत, डिस्क सांभाळणाऱ्या कार्डाला जोडलेली असते.

हार्ड डिस्क हळू असते. काउंटरवरच्या मुलीनं पाचशे रुपये जमा केल्याची नोंद केली, की ती डिस्कवर नेमक्या जागी जाऊन लिहिण्यात वेळ जातो. म्हणून ते कार्ड एक युक्ती करतं. नोंद आधी स्वतःच्या वेगवान मेमरीत घेतं आणि लगेच सांगतं, ‘लिहिलं.’ खरं तर डिस्कवर अजून काही लिहिलेलं नसतं. सवड मिळाली की ते लिहितं. पण ही मेमरी वीज गेली की सगळं विसरते. मग ‘लिहिलं’ हा शब्द कशाच्या भरवशावर दिला? त्या छोट्या बॅटरीच्या. वीज गेली तरी ती मेमरीला दोन-तीन दिवस जागं ठेवते. वीज आली की राहिलेलं डिस्कवर उतरतं. दिलेला शब्द पाळला जातो.

पतसंस्थेत बसून हे शिकताना मला मजा वाटायची. पत म्हणजे दुसरं काय? हातात आत्ता नाही, पण माणूस देईल याची मागे कुणीतरी धरलेली खात्री. त्या कार्डाची पत बॅटरीत असते.

ही बॅटरी कमकुवत झाली की चांगलं कार्ड एक प्रामाणिक गोष्ट करतं. ते युक्ती बंद करतं. प्रत्येक नोंद डिस्कवर खरोखर उतरेपर्यंत ‘लिहिलं’ म्हणत नाही. सगळा कारभार हळू होतो, पण खरा राहतो.

फेब्रुवारी २०२२ मध्ये आमच्या सर्वरवर हेच झालं. पासबुक छापायला वेळ लागू लागला. काउंटरवर रांगा लागल्या. मॅनेजरचे फोन सुरू झाले. मी सेटिंग उघडलं. तिथे एक पर्याय असतो, बॅटरी असो वा नसो, वेगवान पद्धतच चालू ठेवा. तो निवडला की एक इशारा येतो, वीज गेल्यास डेटा जाऊ शकतो, पुढे जायचं का? मी ‘हो’ म्हटलं. दोन मिनिटांचं काम. रांग सरकली. मॅनेजर म्हणाले, वा! त्या दिवशी मला स्वतःचा अभिमान वाटला.

नवी बॅटरी मागवायची हे मी मनात लिहून ठेवलं. कागदावर नाही. रोज सकाळी सर्वरकडून एक इशाऱ्याचा मेल यायचा. त्याखाली एक बटन असतं, ‘अॅक्नॉलेज’. दाबलं की इशारा शांत होतो. त्याचा अर्थ एवढाच, की माणसानं पाहिलं. काही केलं असा त्याचा अर्थ नाही. मी रोज दाबत होतो.

त्याच सुमारास काकांनी यूपीएसच्या सोळा बॅटऱ्या बदलायचं कोटेशन दिलं होतं. ‘‘दोघांचं पोट फुगलं हाये, साहेब. हा उन्हाळा नाई काढत त्या.’’ त्यांचं म्हणणं बरोबर होतं. या सीलबंद शिशाच्या बॅटऱ्यांचं आयुष्य पंचवीस अंशांना धरून सांगितलेलं असतं. त्यावर दर दहा अंशांना ते साधारण निम्मं होतं. एसी बंद केलेल्या जिन्याखालच्या खोलीत पाच वर्षांची बॅटरी अडीच वर्षंही टिकेल याची खात्री नाही. कोटेशन संचालकांच्या फायलीत जाऊन बसलं. लाइट गेली तरी सर्वर चालू राहतोय ना, मग कशाला?

मे महिन्यातल्या एका शनिवारी भर दुपारी लाइट गेली. अर्धा तास चालायला हवा तो यूपीएस चार मिनिटांत मेला. सर्वर सरळ बंद पडला. मेमरीत ज्या नोंदी ‘लिहिल्या’ होत्या, त्या कुठेच नव्हत्या. डेटाबेस अर्धवट अवस्थेत फाटला. शुक्रवारी रात्रीच्या बॅकपवरून सगळं उभं केलं. शनिवारच्या दिवसभराच्या नोंदी व्हाउचर पाहून पुन्हा भरल्या. तीन दिवस लागले. अकरा नोंदींचा मेळ बसत नव्हता. शेवटी त्याही सापडल्या.

पैसा कुणाचा बुडाला नाही. पण त्या तीन दिवसांतली एक गोष्ट माझ्या डोळ्यांपुढून जात नाही. सोमवारी एक आजी पैसे काढायला आल्या. शनिवारी भरलेले त्यांचे पैसे खात्यात दिसत नव्हते. क्लार्क म्हणाला, आजी, तुम्ही दुसरीकडे भरले असतील. त्यांनी पदराची गाठ सोडून पावती काढली. घामानं शिक्का पुसट झाला होता. व्हाउचर सापडेपर्यंत संध्याकाळ झाली. तोपर्यंत त्या बाकावर बसून होत्या. येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येकाला सांगत होत्या, ‘‘म्या भरले हायेत बापू, खोटं नाई बोलत.’’

त्यांचे पैसे मिळाले. एक दिवस मात्र त्यांना खरेपणाची साक्ष देत बसावं लागलं. कारण आमच्या मशीननं ‘लिहिलं’ असं खोटं सांगितलं होतं, आणि तसं सांगायला तिला मी लावलं होतं.

हात कुणाचे दिसतात?

मंगळवारी बैठक झाली. पहिला प्रश्न होता, यूपीएस कुणाकडे आहे? काकांना बोलावलं. ते वही घेऊन आले होते. ती कुणी उघडली नाही. बॅटऱ्या वेळेवर बदलल्या नाहीत, हा ठपका त्यांच्यावर आला. ‘‘कोटेशन देलं होतं मी,’’ एवढं ते म्हणाले. मग पाठपुरावा करायचा ना, असं उत्तर मिळालं. महिनाअखेरीस त्यांचा करार संपवला.

माझ्या त्या टिकमार्कचा विषय निघाला नाही. तो निघणं शक्यही नव्हतं. ती गोष्ट तिथे फक्त मला माहीत होती. मी खाली पाहत बसलो.

आता नीट हिशेब मांडू. यूपीएस गेल्यानं काय झालं असतं? सर्वर अचानक बंद पडला असता. पण कार्ड आपल्या प्रामाणिक, हळू पद्धतीवर असतं, तर त्या क्षणी चालू असलेली एखादी नोंद गेली असती. बाकी डेटाबेसनं स्वतःची नोंदवही पाहून स्वतःला सावरलं असतं. दहा मिनिटांचा खोळंबा झाला असता. तीन दिवसांचं नुकसान यूपीएसनं केलं नव्हतं, माझ्या सेटिंगनं केलं होतं. काकांच्या बाजूनं जे राहिलं ते त्यांनी लेखी मागूनही मिळालं नव्हतं. माझ्या बाजूनं जे झालं ते मी कुणाला न विचारता, न सांगता केलं होतं.

तरी शिक्षा त्यांना झाली. मला हा योगायोग वाटत नाही. ज्याचे हात धुळीनं आणि ग्रीसनं काळे असतात त्याचं काम दिसतं. म्हणून चूकही त्याचीच दिसते. ज्याचं काम स्क्रीनवर असतं त्याची चूक लॉगमध्ये जाते, आणि लॉग वाचता येणारा बहुधा तोच असतो. आपल्याकडे तर हे फार जुनं आहे. घाणीला हात लावणारा खालचा आणि नुसतं बोट दाखवणारा वरचा, हे आपण पिढ्यान् पिढ्या पाळत आलो. जिन्याखालच्या खोलीत संगणक आला म्हणून ते आपोआप जात नाही.

दुसरीकडे उलटंही घडलेलं आहे. १५ ऑक्टोबर २०२२ रोजी दक्षिण कोरियात पांग्यो इथल्या एका डेटा सेंटरच्या बॅटरी रूममध्ये आग लागली. तिथे सर्वर असलेलं काकाओटॉक हे अॅप बंद पडलं. आपल्याकडे व्हॉट्सअॅपचं जे स्थान आहे, ते तिकडे काकाओचं. सगळ्या सेवा पूर्ववत व्हायला पाच दिवसांहून जास्त लागले. दरम्यान कंपनीच्या दोन सीईओंपैकी एकानं राजीनामा दिला. आग त्यांच्या हातून लागली नव्हती आणि इमारतही त्यांच्या कंपनीची नव्हती. पण सगळं एका टोपलीत ठेवण्याचा निर्णय वरच्या मजल्यावर झाला होता. तिथे ठपका निदान एकदा तरी जिना चढला.

त्याच देशात २६ सप्टेंबर २०२५ रोजी देजॉनच्या सरकारी डेटा सेंटरमध्ये पुन्हा आग लागली. यूपीएसच्या लिथियम बॅटऱ्या हलवण्याचं काम चालू होतं. त्यांच्या वॉरंटीची दहा वर्षं उलटून गेली होती. सहाशेहून जास्त सरकारी सेवा बंद पडल्या. सरकारी कर्मचाऱ्यांच्या फायली जिथे साठवल्या जात, ती ८५८ टेराबाइटची साठवण जळून गेली आणि तिची प्रत दुसरीकडे नव्हती. म्हणजे जी वस्तू डेटा वाचवण्यासाठी ठेवली होती तिनंच तो जाळला. राखणीला ठेवलेल्याकडे वर्षानुवर्षं पाहिलंच नाही, की तो राखणदार राहत नाही.

नशिबाचा भाग

पुण्यात आल्यावर मी ही गोष्ट एका मित्राला सांगितली. तोही याच धंद्यातला. तो हसला आणि म्हणाला, ‘‘अरे, असं सगळेच करतात. आमच्याकडे दोन वर्षं तसंच चालू होतं. काही झालं नाही.’’

मला बरं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. कारण प्रश्न तिथेच आहे. त्यानं आणि मी एकच कृत्य केलं. त्याच्याकडे लाइट गेली नाही, माझ्याकडे गेली. मग मी दोषी आणि तो नाही? की दोघंही? बर्नार्ड विल्यम्स आणि थॉमस नेगल या दोन तत्त्वज्ञांनी १९७६ साली हाच प्रश्न मांडला आणि त्याला नैतिक नशीब असं नाव दिलं. दोन ड्रायव्हर सारखेच बेफिकीर गाडी चालवतात. एकासमोर मूल धावत येतं, दुसऱ्यासमोर येत नाही. आपण पहिल्याला गुन्हेगार म्हणतो. दुसरा घरी जाऊन जेवतो.

मला स्वतःपुरतं उत्तर सापडलं ते असं. मे महिन्यातल्या शनिवारी जे झालं त्यात नशीब होतं. पण फेब्रुवारीत जे झालं त्यात नशीब अजिबात नव्हतं. त्या दुपारी मी लोकांच्या पैशांवर एक खोटी खात्री लावली आणि कुणाला सांगितलं नाही. चूक त्या दिवशीच पूर्ण झाली होती. मे महिन्यानं फक्त ती उघडी केली. तीही मला एकट्याला. माझ्या मित्राची चूकही पूर्णच आहे. त्याला अजून पावती मिळालेली नाही इतकंच.

असं मानलं की एक गोष्ट उलट बाजूनंही मानावी लागते. वाईट घडण्याआधीच चूक पूर्ण होत असेल, तर काहीच न घडलेल्या दिवशी चांगलं कामही पूर्ण होत असलं पाहिजे. काका दर तीन महिन्यांनी येऊन धूळ काढून जात होते. त्यामुळे पंखे चालत राहिले, डिस्क तापल्या नाहीत, आणि कित्येक दिवस काहीच झालं नाही. या ‘काहीच झालं नाही’चं श्रेय कुणाच्या खात्यावर जमा होतं? कुणाच्याच नाही. २००० साल उजाडताना जगभरच्या संगणकांत तारखांचा घोळ होणार होता. लाखो लोकांनी रात्रंदिवस बसून कोड तपासला, दुरुस्त केला. त्या कामावर आपल्या देशातल्या आयटी कंपन्या मोठ्या झाल्या. १ जानेवारीला फारसं काही बिघडलं नाही. लगेच लोक म्हणू लागले, उगाच घाबरवलं होतं.

हॅना आरेंट या विचारवंत बाईंनी १९५८ साली एक फरक सांगितला होता. माणसाच्या काही कामांतून वस्तू उरते. घर, टेबल, पुस्तक. काही कामांतून काहीच उरत नाही. झाडणं, धुणं, रांधणं. आज केलं तरी उद्या पुन्हा. पहिल्या कामाला जग मान देतं, दुसऱ्याला गृहीत धरतं. आमच्या धंद्यातही नवं फीचर बनवणाऱ्याचं नाव मेलमध्ये येतं. पंखा बदलणाऱ्याचं नाव गेटच्या रजिस्टरमध्ये असतं.

हे ओळखणारा माणूस आमच्या वऱ्हाडातच होऊन गेला. गाडगेबाबा गावात आले की आधी खराटा हातात घेऊन गाव झाडायचे आणि रात्री कीर्तन करायचे. झाडलेला रस्ता दुसऱ्या दिवशी पुन्हा घाण होणार, हे त्यांना कळत नव्हतं असं नाही. आपण त्यांच्या नावानं ग्रामस्वच्छतेची स्पर्धा काढली. गावं झटून स्वच्छ झाली, त्याचं चांगलंही झालं. पण बक्षीस मिळाल्यानंतरच्या वर्षी त्या गावात कोण झाडतं, हे पाहायला समिती येत नाही.

आमच्या ऑफिसात दसऱ्याला सर्वरची पूजा होते. हळद-कुंकू, नारळ, झेंडूचा हार. एका वर्षी झेंडूच्या पाकळ्या पंख्यांनी आत ओढल्या आणि जाळीला चिकटल्या. देवपणा देऊन झाला की आपण वस्तूकडे वर्षभर पाहत नाही. त्यापेक्षा पोळ्याच्या आदल्या संध्याकाळची खांदेमळणी मला शहाणपणाची वाटते. त्या दिवशी बैलाचे खांदे हळद-तुपानं चोळतात आणि उद्या जेवायला या, असं त्याला आमंत्रण देतात. चोळायचं काय, तर नेमका तो भाग ज्यावर वर्षभर जू होतं. हार घालण्याआधी, कुठे झिजलंय ते हातानं तपासायचं.

सगळंच जपता येतं का?

इथे कुणी विचारेल, म्हणजे काय, माणसानं सतत सगळ्याची चिंता करत बसायचं? दर इशाऱ्याला उठायचं? नव्या बॅटऱ्याही मुदतीआधी फेकायच्या? शिशाचं काय करायचं मग?

हा आक्षेप खरा आहे. सगळं जपता येत नाही. पैसा कमी असतो, माणसं कमी असतात. जिन्याखालच्या खोलीत दोन एसी लावणं त्या पतसंस्थेला परवडणारं नव्हतं. आणि बॅटरीच्या बाबतीत तर एक विचित्र अडचण आहे. बाहेरून ती चांगली आहे की मेलेली हे नीट कळत नाही. मीटरवर व्होल्टेज ठीक दिसतं आणि भार पडला की ती बसते. खात्री करायची तर तिच्यातून खरोखर वीज काढून पाहावी लागते, आणि ती चाचणी चालू असेपर्यंत तुम्ही उघड्यावर असता. विश्वासाचंही असंच असतं. वापरल्याशिवाय तपासता येत नाही.

म्हणून ‘कधीच काही बिघडू द्यायचं नाही’ हे कर्तव्य मी मानत नाही. ते कुणालाच पाळता येणार नाही. मी मानतो ते याहून छोटं आहे. जी खात्री तुमच्याकडे नाही, ती आहे असं सांगायचं नाही. बॅटरी गेली तर हळू चाला, पण ‘लिहिलं’ म्हणू नका. रांग लागू द्या. रांगेतल्या लोकांना त्रास होईल, शिव्या मिळतील. पण तो त्रास त्यांना दिसेल. त्यांना मॅनेजरला जाब विचारता येईल आणि मॅनेजरला बॅटरी मागवावी लागेल. मी रांग संपवली तेव्हा तो त्रास गेला नव्हता. मी तो लपवला होता, आणि अशा ठिकाणी ठेवला होता जिथे पुढे तो त्या आजींच्या वाट्याला आला.

दुसरी गोष्ट. ज्याचा हात रोज यंत्रावर असतो त्याचं ऐकायचं. काकांच्या वहीत सोळा बॅटऱ्यांचं तीन वर्षांचं व्होल्टेज लिहिलेलं होतं. आमच्याकडे त्या बॅटऱ्यांबद्दल याहून चांगला डेटा नव्हता. आम्ही डेटा सांभाळणारी माणसं, आणि तो वाचला नाही, कारण तो शंभर पानी वहीत होता.

दुकान

गेल्या वर्षी पोळ्याला गावी गेलो होतो. परत निघताना एसटीला वेळ होता. काकांचं दुकान अजून तिथेच आहे. मला पाहून त्यांनी स्टूल पुढे केलं आणि चहा सांगितला. मी सगळं बोललो. सेटिंग, इशारे, बैठकीतलं गप्प बसणं. बोलताना मान वर करता येत नव्हती.

ते मिक्सरचं भांडं उलटं धरून पाहत होते. म्हणाले, ‘‘मले वाटलंच होतं. यूपीएस गेल्यानं एवढं नाई होत.’’

‘‘मग बोलला का नाहीत, काका?’’

‘‘कोन ऐकत होतं? तुमी इंजिनेर. मी बॅटरीवाला.’’

त्यांच्या बोलण्यात राग नव्हता, त्यामुळे मला आणखी अवघड झालं. चहा संपला. मी उठलो तेव्हा त्यांनी विचारलं, ‘‘हे तिथं लिहून देसान का? त्या एका ठपक्यानं दुसऱ्या दोन बँकांचं काम गेलं माह्यं.’’

ते मला माहीत नव्हतं. मी कबुली द्यायला गेलो होतो, आणि खरं सांगायचं तर हलकं होऊन परत यायला गेलो होतो. त्यांना माझी कबुली नको होती. त्यांना कागद हवा होता. एसटीत बसल्यावर लक्षात आलं, की मी पुन्हा तेच बटन दाबायला गेलो होतो. पाहिलं, कळलं, आता आवाज बंद.

महिनाभर मी ते पत्र लिहिलं नाही. कारणं होती. आता काय उपयोग, जुनी फर्म अडचणीत येईल, माझं नाव खराब होईल. मग एका रात्री लिहिलं. तारीख, सेटिंग, झालेलं नुकसान, आणि त्यात यूपीएसचा वाटा किती होता, ते सगळं एका पानात. आधी जुन्या फर्मला फोन करून सांगितलं, मग पत्र पतसंस्थेला रजिस्टर पोस्टानं पाठवलं आणि एक सही केलेली प्रत काकांना दिली. पतसंस्थेकडून उत्तर आलेलं नाही. कदाचित तेही एखाद्या फायलीत बसलं असेल. काकांची प्रत मात्र त्यांच्याजवळ आहे. कुणी विचारलं तर दाखवता येईल.

त्यांची दोन कामं परत आली का? एक आलं. दुसरं नाही.

आता पुण्यात माझ्याकडे पंखे किंवा बॅटऱ्या येत नाहीत. ते सगळं कुठल्यातरी दूरच्या इमारतीत, मी कधीच न पाहिलेल्या माणसांच्या हातात असतं. तुम्ही हे ज्या फोनवर वाचताय, त्याच्यामागेही तशीच एक इमारत आहे, आणि या क्षणी तिथे कुणीतरी बंद पडलेला पंखा बदलत असेल. तुम्हाला कळणार नाही. पान उघडलं, एवढंच कळेल.

काल सकाळी माझ्या स्क्रीनवर एक किरकोळ इशारा आला होता. बटनावर बोट गेलं. मग आधी फोन लावला.